सहा बिलोरी पेले

आमच्या धर्मग्रामाची घरे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत विखुरलेली आहेत. ओतूरच्या रुग्णाला ख्रिस्तप्रसाद देऊन यावे, तोच घोडेगावहून कुणाचा तरी निरोप आलेला असतो. अशा ठिकाणी मिस्सा आणि प्रवचन यांखेरीज धर्मगुरूकडे पुष्कळ कामे येऊन पडतात. शाळेचा दाखला, बँकेचा अर्ज, एखादी सोयरीक, क्वचित शेताच्या बांधाचा तंटासुद्धा. परंतु काचेच्या पेल्यांचे मोल ठरवण्याचे काम आपल्याकडे कधी येईल, असे मला वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात नारायणगावजवळच्या एका वस्तीवरून एक आजी आल्या. वय ऐंशीच्या पुढे. बरोबर धाकटा मुलगा आणि त्याच्या हातात पत्र्याची पेटी. पेटीत जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले सहा दांडीचे पेले होते. आजींनी एक उलगडून खिडकीतल्या उन्हात धरला आणि माझ्या हिशेबाच्या वहीवर लाल-निळे ठिपके थरथरू लागले.

"फादर, एवढ्यांचं काय ते तुम्हीच ठरवा," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत ठरू द्या."

आजींचे सासरे खडकीच्या छावणीत एका इंग्रज अधिकाऱ्याकडे बटलर होते. १९४७ साली साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्याने हे सहा पेले सासऱ्यांच्या हवाली केले. आजींचे यजमान त्या वेळी पंधरा वर्षांचे. ते त्याच बंगल्यात मसालची होते, म्हणजे भांडी घासणे आणि काच पुसणे हे त्यांचे काम. पुढे ते फिटर झाले, कुकडी प्रकल्पाच्या कामावर लागले आणि इकडेच स्थायिक झाले. नाताळ आणि पास्काच्या सणाला घरी केलेला द्राक्षारस याच पेल्यांतून घेतला जाई. त्यांना जाऊन आता बारा वर्षे झाली.

भांडण मुलांचे होते. थोरला पुण्यात नोकरीला. त्याने पेल्यांची छायाचित्रे तिथल्या एका व्यापाऱ्याला दाखवली होती. व्यापारी म्हणाला, हे फ्रान्समधले बाकारा, लाखाच्या घरात जातील. धाकट्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचा पहिला हप्ता जूनमध्ये भरायचा होता. थोरल्याचे म्हणणे, विक्रीचे दोन सारखे भाग करावेत. धाकट्याचे म्हणणे, आईला आजवर सांभाळले कुणी? लाख हा शब्द घरात शिरल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

आजींच्या मनात मात्र तिसरेच होते. निदान एक पेला तरी देवळाला द्यावा आणि त्यात मिस्सा व्हावी. मला त्यांना नाही म्हणावे लागले. २००४ साली रोमहून निघालेल्या सूचनेत काच, माती अशा सहज फुटणाऱ्या पदार्थांची पात्रे ख्रिस्ताच्या रक्तासाठी वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. द्राक्षारस आणि पाणी वेदीवर आणण्याच्या छोट्या सुरया काचेच्या असतात, त्यांना हरकत नाही. आजी हिरमुसल्या. "म्हणजे वेदीपर्यंत यायचं, पण वर चढायचं नाही," असे काहीसे त्या पुटपुटल्या.

या सुरयांमुळेच मला काचेची थोडी जाण आली होती. सेमिनरीत असताना वर्षभर सॅक्रिस्टीचे काम माझ्याकडे होते. युरोपातून तरुणपणी आलेले एक वृद्ध ब्रदर तिथली व्यवस्था पाहत. त्यांच्या कपाटात पैलू पाडलेल्या सुरयांच्या दोन जोड्या होत्या. एक खरी, एक साच्यातली. डोळे मिटून कोणती कोणती ते ओळखायला ते मला लावत आणि चुकलो तर त्या आठवड्यात मेणबत्त्यांचे मेण खरवडण्याचे काम माझे. मी पुष्कळ मेण खरवडले. नंतर पुण्यात वाचनालयांतून या विषयाची पुस्तकेही धुंडाळली. कुणाला हा धर्मगुरूचा पोरकट छंद वाटेल. वाटो.

मराठीत आपण 'बिलोरी आरसा' म्हणतो. हा बिलोर फारसीतून आला. त्याचे मूळ ग्रीक 'बेरिल्लोस'पर्यंत जाते आणि तो ग्रीक शब्द आपल्याकडच्या प्राकृतातल्या, वैडूर्य या रत्नाच्या नावावरून घेतलेला आहे. म्हणजे शब्द आपल्याच घरून निघाला आणि जग फिरून परत आला. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' या ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीचा द्राक्षारस आहे आणि कच्ची काचही आहे. नाणेघाटाच्या वाटेवरच्या आमच्या जुन्नरात यवन येऊन राहिले होते, हे तर इथल्या लेण्यांतल्या शिलालेखांवरून दिसते. चिट नावाच्या यवनाने बौद्ध संघाला भोजनमंडप दिला, इरिलाने पाण्याची टाकी दिली. त्या भोजनमंडपाकडे पाहताना हे लोक स्वतः कशातून पीत असतील, असा विचार माझ्या मनात हमखास येतो.

आज आपण जिला बिलोरी काच म्हणतो, ती मात्र बरीच अलीकडची. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या इंग्रज कॅथलिक व्यापाऱ्याने १६७४ साली तिचे पेटंट घेतले. तरुणपणी तो धर्मगुरू होण्यासाठी फ्रान्समधील दुए येथील सेमिनरीत दाखल झाला होता. ते पुरे न करता व्यापारात पडला. त्याच्या पहिल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडत. मिश्रणात शिशाचे भस्म घातल्यावर ते थांबले आणि काच जड, मऊ व लखलखीत झाली. मऊ म्हणजे फिरत्या चाकावर धरून कापता येण्याजोगी. आधी लोखंडी चाक व ओली वाळू, मग दगडी चाक, शेवटी लाकडाच्या किंवा बुचाच्या चाकावर पॉलिश, अशा तऱ्हेने एकेक पैलू हाताने पाडीत. पुढे हे पॉलिश आम्लात बुडवूनही होऊ लागले. युरोपातल्या १९६९ च्या नियमाप्रमाणे अशा काचेत शिशाचे ऑक्साइड निदान २४ टक्के असावे लागते, तरच तिला शिशाची बिलोरी काच म्हणता येते. जाता जाता सांगतो: अशा पेल्यातून पाहुण्याला सणाला घोटभर द्यावे, पण अशा सुरईत द्राक्षारस महिनोन्महिने भरून ठेवू नये. शिसे त्यात उतरते.

व्यापाऱ्याने ज्याचे नाव घेतले, तो बाकाराचा कारखाना १७६४ साली मेट्झचे बिशप मोंमोरांसी-लाव्हाल यांनी राजा पंधराव्या लुईची परवानगी मिळवून उभारला. बिशपांच्या ताब्यात जंगल होते, लाकडाला गिऱ्हाईक हवे होते आणि माणसांना काम. बेल्जियममधला व्हाल सँ लांबेरचा प्रसिद्ध कारखाना तर १८२६ मध्ये एका जुन्या मठाच्या आवारातच सुरू झाला. आपल्या पुणे जिल्ह्याचीही काचेची कथा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा जमवून जो पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. तिथे बिशप आणि राजा. इथे लोकांचा पैसा. मला दुसरी कथा अधिक आवडते.

असो. पेल्यांकडे वळतो.

दोन्ही भावांना मी रविवारच्या मिस्सेनंतर बोलावले. मध्ये चार दिवस होते. त्या दिवसांत मी पेल्यांची परीक्षा केली.

पहिली गोष्ट खूण. बाकाराने १९३६ पासून आपल्या मालाच्या तळाशी आम्लाने कोरलेली गोल मुद्रा घालायला सुरुवात केली. त्याआधी कागदी चिकटपट्टी असे. ती पहिल्या धुण्यातच जाते. आयर्लंडचे वॉटरफर्ड घराणे १७८३ चे, १८५१ ला बंद पडलेले आणि १९४७ ला पुन्हा सुरू झालेले. त्याच्या नव्या मालावर बैठकीच्या तळाशी बारीक अक्षरांत नाव असते. भिंगातून पाहिले तर आमच्या एकाही पेल्यावर काहीही नव्हते. शंकरपाळ्याच्या आकाराचे पैलू आणि बैठकीखाली चांदणी, ही नक्षी डझनभर कारखान्यांनी कापली आहे. नुसत्या नक्षीवरून बाकारा म्हणणे म्हणजे पांढरा झगा पाहून माणसाला पोप म्हणण्यासारखे आहे. व्यापाऱ्याचा लाख तिथेच गळाला.

दुसरी गोष्ट बोटांची. हाताने कापलेल्या पैलूची कडा बोटाला बोचते आणि दोन चिरा जिथे मिळतात, तिथे एखादी किंचित पुढे गेलेली असते. माणसाचाच हात तो. साच्यात दाबून काढलेल्या काचेत कडा गोलसर, गुळगुळीत असतात आणि दांडीवर दोन्ही बाजूंनी साच्याच्या सांध्याची बारीक रेघ उतरलेली असते. मी ब्रदरांच्या आठवणीने डोळे मिटून एकेक पेला हाती घेतला. चार बोचले. दोन बोचले नाहीत.

मला ते खरे वाटेना. पुन्हा पाहिले. चार पेल्यांची उंची एकमेकांशी केसभर जुळत नव्हती, जशी ती हातच्या कामात जुळत नाही. उरलेले दोन जुळ्या भावांसारखे एक. पेल्याची बैठक चिमटीत धरून काठावर नखाने हलकेच टिचकी मारली, तर त्या चारांतून देवळातल्या छोट्या घंटीसारखा नाद निघे आणि रेंगाळे. दोघांचा आवाज लगेच विझे. परंतु नादावर फार विसंबू नये. काच पातळ असली तर साधीही गाते आणि बारीक तडा असला तर उत्तमही मुकी होते. म्हणून मी मंचरच्या एका सराफाकडे गेलो. त्याच्या काट्यावर पाण्याची बरणी ठेवून काटा शून्यावर आणला आणि दोऱ्याने बांधलेला पेला बुडाला न टेकवता पूर्ण बुडवून धरला. अशा वेळी काटा दाखवील तेवढे ग्रॅम पाणी पेल्याने बाजूला सारलेले असते. पेल्याच्या वजनाला त्या आकड्याने भागले की काचेची घनता मिळते. पहिला पेला २७३ ग्रॅम, सारलेले पाणी ९० ग्रॅम: तीनच्या किंचित वर. शिशाची काच. पाचवा २२६ ग्रॅम, पाणी ९१: अडीचच्या आत. खिडकीची काचही तेवढीच भरते. सराफाने विचारले, "फादर, सोनं सोडून हे काय नवीन?"

इथवर सारे ठीक झाले. पुढे मी जे केले त्याची मला आजही टोचणी आहे. शोध लागल्याच्या आनंदात मी विसरलो की आजी पेटी घेऊन आल्या होत्या, तेव्हा उत्तर आधी त्यांना सांगायला हवे होते. रविवारी मी दोन्ही भावांसमोर, शाळामास्तराच्या थाटात, चार पेले एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला मांडले आणि सगळे समजावून सांगितले.

धाकटा दोनांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, तुझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोन पेले पुण्याला नेले होतेस. आठ दिवसांनी आणून दिलेस."

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. नंतर जे शब्द झाले ते लिहिण्यासारखे नाहीत. एकाने दुसऱ्याला चोर म्हटले. दुसऱ्याने बापाच्या आजारपणातला खर्च काढला. थोरला निघून गेला, मोटारीचे दार आपटल्याचा आवाज आला. आजी बाकावर बसून होत्या. त्यांच्या हातातली जपमाळ थांबली होती.

संध्याकाळी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. धाकटा शेतात होता. आजी चुलीपाशी होत्या. मी क्षमा मागायला तोंड उघडले, तर त्यांनीच हात वर केला.

"ते दोन मी आणलेत, फादर."

हे त्यांनी मला पापनिवेदनात सांगितलेले नाही. ओट्यावर, चहाचे आधण ठेवता ठेवता सांगितले. इथे लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे, नाव मात्र नको म्हणाल्या. १९६८ साली धाकट्याच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री पेले धुताना त्यांनी गार पेल्यांवर कढत पाणी ओतले. दोन पेले एकापाठोपाठ टचकन तडकले. यजमान कामावर होते. सासरे त्या वेळी हयात होते आणि पेल्यांवर त्यांचा जीव. आजींनी तुकडे परसात पुरले. बाप्तिस्म्याला माणसे कमी आहेत म्हणून चारच पेले बाहेर काढले. नंतर अंड्यांचे साठवलेले पैसे घेऊन, बहिणीला भेटायचे सांगून त्या पुण्याला गेल्या. रुमालात एक तुकडा नक्षीसाठी राखला होता. जुन्या बाजारात दोन रविवार हिंडल्यावर असे दोन सापडले. "उन्हात धरले तर सारखेच दिसायचे हो," त्या म्हणाल्या. "कुणालाच कळलं नाही. सासऱ्यांना नाही, यांना नाही. मेले तरी कळलं नाही."

पेटी तिथेच होती. मी ते दोन पेले पुन्हा हाती घेतले. आता मला काहीच सिद्ध करायचे नव्हते. म्हणूनच बहुधा मी ते नीट पाहिले. काचेचे वय पाहायचे असेल तर जाणकार बैठकीचा तळ पाहतात. टेबलावर ठेवता-उचलताना जिथे काच टेकते, तिथे वर्षानुवर्षांत बारीक, आडव्यातिडव्या, दिशाहीन चरे उमटतात आणि तेवढे वळे धुरकट होते. कुणी सँडपेपरने लबाडी केली असेल तर चरे एका दिशेचे असतात. चार खऱ्या पेल्यांच्या बैठकीवर चरे होते, बेताचे. खोट्यातल्या एकावर अगदी थोडे. दुसऱ्या खोट्याचे वळे मात्र पूर्ण पांढरे झाले होते. त्याच्या काठालाही एका जागी, ओठ लागतो तिथे, चकाकी गेली होती.

"आजी, हा पेला कोण घ्यायचं?"

त्यांनी तो हातात घेतला. दांडीवर नकळत डागासारखी एक बारीक बुडबुड्याची खूण होती, तिच्यावर अंगठा फिरवला. "हा यांचाच. सणाला बाकीचे सगळ्यांना द्यायचे आणि हा स्वतःला ठेवायचे. सण नसला तरी रात्री जेवताना पाणी यातूनच. मला आपली धाकधूक, नेमका खोटाच कसा हाताला लागतो! एकदा म्हटलंसुद्धा, तो नका घेऊ, दुसरा घ्या. म्हणाले, राहू दे, मला सवय झालीय."

मी थोडा वेळ बोललो नाही. एकदा उतावीळपणा करून झाला होता. मग विचारले, "साहेबाच्या बंगल्यावर काच पुसायचं काम त्यांच्याकडे होतं ना?"

"तर! अंधारात पुसली तरी काच कळते, म्हणायचे. सासरे त्यांना डोळे बांधून..." त्या तिथेच थांबल्या.

चहा उतू गेला. मी चूल सारली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "म्हणजे त्यांना ठाऊक होतं?"

पहिल्याच दिवशी कळले असेल, असे मी म्हणालो. चार खऱ्यांना आणि दोन खोट्यांना पाठोपाठ हात लावला की त्या हाताला वेगळे सांगावे लागत नाही. आजींनी पदर डोळ्यांना लावला नाही. त्या पेल्याकडे पाहत राहिल्या आणि एकदम, जरा रागानेच म्हणाल्या, "मग बोलायचं नाही का माणसानं! पंचेचाळीस वर्षं मी घाबरून काढली."

दुसऱ्या दिवशी आजींनी थोरल्याला स्वतः फोन लावला. काय बोलल्या ते मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी तो आला. दोघे भाऊ ओट्यावर बसले. पहिला अर्धा तास पावसापाण्याचेच बोलत होते. धाकट्याने माफी मागितली ती विळ्याला धार लावता लावता, वर न पाहता.

चार पेले पुण्यातल्या एका दुसऱ्या दुकानदाराला विकले गेले. मी थोरल्याबरोबर गेलो होतो. दुकानदाराने भिंग काढले, बैठका पाहिल्या, टिचकी मारली. सहाचा किंवा बाराचा संच असता, खूण असती, तर गोष्ट वेगळी होती. चार सुटे, बिनखुणेचे पेले घरात ठेवायला आज गिऱ्हाईक सहजी मिळत नाही, असे तो म्हणाला आणि ते खरे होते. चारांचे मिळून चौदा हजार आले. थोरल्याने स्वतःचे काही घालून ते पुतणीच्या फीला दिले. त्याच्या वाट्याचा प्रश्न कुणी काढला नाही.

दुकानातून निघताना थोरला म्हणाला, "त्या दोघांचं काय देतील, विचारू का?" मी म्हटले, विचार. दुकानदार म्हणाला, साच्यातले आहेत, शंभर-दीडशे. थोरल्याने मान डोलावली आणि पैसे मोजून घेतले.

गेल्या पास्काला मी त्या घरी आशीर्वाद द्यायला गेलो होतो. नात सुट्टीवर आली होती. आजींनी फडताळातून दोन्ही पेले काढले. द्राक्षे गावचीच होती, रस थोडा आंबूस झाला होता. ज्याची बैठक अजून चकचकीत आहे तो पेला त्यांनी मला दिला. दुसरा नातीने पुढे होऊन उचलला, तर त्या म्हणाल्या, "तो नको, बाळ. तू स्टीलचा घे," आणि त्यात स्वतःसाठी घोटभर ओतून घेतले.